दगड होता तसा ठेवणारे बिराजदार सर

बिराजदार सरांची आणि माझी पहिली ओळख एका दगडावरून झाली. मुखेडहून मी निलंग्याच्या कॉलेजात नुकताच आलो होतो. प्राणिशास्त्राच्या वर्गाला सर आपल्या शेतातल्या विहिरीवर घेऊन गेले आणि काठावरचा एक ओला दगड त्यांनी उचलला. खाली राखाडी, चौदा पायांचा, हरभऱ्याएवढा जीव. मी चप्पल उगारली.

"थांब की रे! खेकड्याचा भाऊबंद हाय तो."

"लई बारका खेकडा हाय मग, सर!"

सगळे हसले, सरही हसले. हा जीव पाणी सोडून जमिनीवर आला, पण ओल गेली की मरतो. कुजका पाला खाऊन त्याची माती करतो. भ्याला की गोळी होऊन बसतो, हे त्यांनी तिथेच समजावलं. मग दगड होता तसा, त्याच खळग्यात ठेवला. "खाली कुणाचं तरी घर असतंय," म्हणाले. सरांचा विद्यार्थी आजही दगड ठेवण्यावरून ओळखू येतो.

माझ्या आईचं लातूरला ऑपरेशन झालं, तेव्हा सर रोज एसटीने डबा घेऊन यायचे. मी संकोचलो, तर सरांच्या घरच्या काकू फोनवरून म्हणाल्या, "गुमान जेव." मी डबा उघडला.

सर निवृत्त झाले तेव्हा त्यांनी बजावलं होतं, हार-शाल नको, रोप द्या. आपण सगळ्या माजी विद्यार्थ्यांनी नर्सरीतून रोपं आणली आणि मोठ्या हौसेने विहिरीभोवती लावली. झाडं झकास वाढली. पण पिशवीतल्या मातीतून त्याच जीवाची परमुलखातली जात आली. चपळ, गोळी न होणारी, पिलावळ अफाट. तिने पाला फस्त केला, ओलीच्या जागा बळकावल्या, आणि आपला जुना जीव दिसेनासा झाला. ज्याच्यासाठी सर आयुष्यभर उन्हातान्हात हिंडले, तो त्यांच्याच सत्कारापायी गेला.

"झाडं काढायची का?" मी विचारलं.

"झाडांचा काय गुन्हा? मागितली मीच. आन् कुणाला बोलू नको, पोरांची मनं मोडतील."

फक्त पायऱ्यांच्या बाजूला, जिथे रोप लावलं नव्हतं, तिथे तो जुना जीव तग धरून होता. सरांची नजर आता अधू झाली आहे. परवा त्यांनी तिथला एक दगड मला उचलायला सांगितला.

"काय दिसायलंय?"

खाली नुसती पळापळ होती. खोटं बोलावंसं फार वाटलं. सरांपुढे ते जमत नाही.

"बाहेरचेच हायेत, सर."

"बरं. ठेव तसाच."

आणि काठी टेकत ते पुढच्या दगडाकडे गेले.

अमृतमहोत्सवाला सरांना पंचाहत्तर रोपं द्यायचं समितीने ठरवलं आहे असं कळलं, म्हणून त्यांची परवानगी घेऊन हे लिहितो आहे. "लिही, पण कुणाला दोष देऊ नको," एवढंच ते म्हणाले.

सरांना निरोगी शतायुष्य लाभो. उरलेल्या एखाद्या दगडाखाली तो गोळी होऊन बसलेला असो, आणि "सर, हाय तो!" अशी हाक मारायला आपल्यापैकी कुणीतरी जवळ असो. गुरूकडे रिकाम्या हाताने जाऊ नये, असं आपल्याकडे म्हणतात. यंदा मात्र सगळ्यांनी रिकाम्या हातानेच या.