बांधावरची सोललेली चिंच

सोनपेठकडच्या आमच्या शेतात, काकांच्या आणि आमच्या बांधावर, एक जुनी चिंच आहे. सामाईक आहे, म्हणजे तोडायची तर दोन्ही घरांनी हो म्हणायला हवं. तिच्या सावलीत काकांचा थोडा ऊस खुरटतो, एवढाच तिचा गुन्हा. वडील गेल्यापासून काका दर वर्षी तोडू म्हणत आणि आई दर वर्षी नाही म्हणे.

मी गंगाखेडला कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. एका होळीला घरी गेले, तर चिंचेच्या बुंध्याची साल गोल सोलून काढलेली. वीतभर रुंद पट्टा, आतलं लाकूड उघडं. काम कुणाचं ते विचारावं लागलं नाही. कुऱ्हाड चालवली असती तर भांडण झालं असतं. झाड आपोआप वाळलं तर कोण कुणाला बोलणार? गावात हुशार म्हणून मिरवणाऱ्या माणसाची हुशारी ती एवढीच.

काका तिथंच उसाला पाणी देत होते. साल किडली होती, झाडाच्या भल्यासाठी काढली, असं त्यांनी न विचारताच सांगितलं. अशानं झाड मरेल, असं मी म्हणाले. त्यांनी वर बोट दाखवलं.

“पाला बघ की. हिरवागार हाय. पाणी वर चढायलंय, मंग झाड मरंल कशानं?”

पाणी चढत होतं हे खरंच होतं. मी त्यांना समजावण्याचा मूर्खपणा केला. पाणी चढतं ते आतल्या लाकडातल्या केसाहून बारीक नळ्यांतून. पानांतून ते वाफ होऊन उडतं आणि उडताना खालचं पाणी वर ओढून घेतं, थेंबामागं थेंब. सालीतून मात्र पानांनी केलेलं अन्न खाली मुळांना जातं, आणि तो रस्ता तुम्ही तोडलात. पाला काही महिने हिरवा राहील, मुळं उपाशी मरतील, मग पाणीही चढणार नाही. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मग मोटार कुठं बसवलेली असते? मोटारीशिवाय पाणी वर जातं हे त्यांना पटेना. ती मुळांतच असणार, असं त्यांनी स्वतःच ठरवलं आणि संध्याकाळी हॉटेलात पुतणी शिकून येडी झाल्याचं सांगितलं. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. काका चहा पाजत असले की त्या माना कशालाही डोलतात.

माझा भाऊ शेती करतो. पाथरीजवळच्या एका रोपवाटिकेत तो कलमं बांधायला शिकला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चिंचेच्याच बोटभर जाडीच्या फांद्या कापल्या, दोन्ही टोकं तासली आणि जखमेच्या खालच्या-वरच्या सालीत खोचून पुलासारख्या बसवल्या. वरून शेणमाती लिंपली. आई पोत्याच्या पट्ट्या बांधत होती. काका बांधावर बसून बघत होते.

“मेलेल्याला पट्टी बांधून काय व्हायलंय?” ते म्हणाले.

आईनं मान वर केली नाही. “मेलं कधी, भावजी? काल तर पाणी चढायलंय म्हनलात.”

काका उठून उसात गेले.

आमच्या बाजूची कलमं वाळली. काकांच्या बाजूची धरली, त्यामुळे झाड जगलं आणि सावली उसावर कायम राहिली. वर अडकून पडलेल्या अन्नामुळं असेल, पण त्या हंगामात चिंच फुलांनी लगडली आणि पुढं फांद्या वाकतील इतक्या चिंचा लागल्या. लगेच काकांची किडलेली साल विसरली गेली. फळ जास्त यावं म्हणूनच आपण साल काढली, ही जुन्या माणसांची युक्ती आहे, असं ते आल्यागेल्याला झाडाखाली नेऊन सांगू लागले. आमच्या कलमांकडं बोट करून, पोरांनी उगीच पट्ट्या गुंडाळल्यात, असंही सांगत.

त्यांच्या सल्ल्यानं परवा एका सोयऱ्यानं आपल्या आंब्याची साल सोलली. भाऊ आज तिकडं कलमं बांधायला गेला आहे. काकाही बरोबर गेले आहेत, देखरेख करायला.