दर्शनी भिंतीवरचं माश्यांचं मशीन

बाळारामशेठना सगळे शेठ म्हणतात, पण त्यांच्याकडे गोदाम एकच. खारबावच्या रस्त्याला, वडिलांच्या भातशेतीत भराव टाकून उभं केलेलं. भाडेकरू एक फरसाणची कंपनी. सुटा माल येतो, आमच्या गावच्या बायका पाकिटं भरतात, संध्याकाळी टेम्पो भरून जातात. ऑफिसचं काम माझ्याकडे असल्यामुळे शेठना मी रोज जवळून पाहत आलो.

माणूस साधा. पायात चप्पल न घालता गोदामाला एक फेरी मारल्याशिवाय चहा घेत नाही. एक हौस मात्र आहे. नवी वस्तू आली की ती सगळ्यांना दिसली पाहिजे. घरचा फ्रिजसुद्धा बाहेरच्या पडवीत ठेवलाय. सूनबाई प्रत्येक कोथिंबिरीच्या काडीसाठी स्वयंपाकघरातून पडवीपर्यंत चालते आणि चालताना पुटपुटते.

गेल्या वर्षी कंपनीच्या तपासणीत पॅकिंगच्या टेबलावर माश्या सापडल्या. पुढच्या तपासणीपर्यंत बंदोबस्त करा, नाहीतर आम्ही कशेळीला दुसरं गोदाम बघतो, असं साहेब सांगून गेले. शेठनी माश्या पकडायचं मशीन मागवलं. आत निळसर ट्यूब, मागे गोंद लावलेला पुठ्ठा. उजेडावर माशी येते आणि पुठ्ठ्याला चिकटते. लावायला आलेला फिटर म्हणाला, आतल्या बाजूच्या भिंतीवर लावू. शेठ म्हणाले, "येवढी महागाची वस्तू कोनाड्यात? समोर लाव." मग शटरच्या बरोबर समोर, गणपतीच्या तसबिरीशेजारी मशीन चढलं. शेठनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. फाटकातून आत येणाऱ्याला आधी गणपती दिसायचा आणि मग ती निळी ट्यूब.

माश्या वाढल्या. विशेषतः संध्याकाळी, टेम्पो भरायला शटर वर असायचं तेव्हा. शेठ दारात उभे राहून बघायचे, आणि समोर कुंपणापलीकडे दिसायचा रघूचा तबेला.

रघू त्यांचा चुलतभाऊ. लहानपणी दोघांनी खाडीत एकत्र जाळं टाकलेलं. तबेल्यापुरता तुकडा सोडला तर रघूने आपल्या वाटणीची जमीन केव्हाच विकली होती. त्याच्याकडे उरल्या होत्या त्या म्हशीच. शेठच्या घरचं दूध तो स्वतः आणून द्यायचा. म्हैस व्याली की पहिला चीक शेठच्या घरी जायचा, मग त्याच्या स्वतःच्या.

शेठनी भावकी देवळाच्या ओट्यावर बसवली आणि माश्या रघूच्या तबेल्यातून येतात, असं सांगितलं. रघू म्हणाला, "माश्यांवर माजं नाव लिवलंय का?"

सगळे हसले. शेठ हसले नाहीत. "कंपनी गेली तर बायकांचं काम जाईल. ज्याच्या घरची बाई कामाला न्हाय, त्यानं हसावं."

मग कोणी हसलं नाही. तबेला हलवायचं ठरलं. हलवायला रघूकडे जागा नव्हती, म्हणून म्हशी विकल्या. त्यातली एक गाभण होती. व्यापाऱ्याचा टेम्पो आला त्या दिवशी रघूची बायको मैना माहेरी अकलोलीला निघून गेली. तिला बघवलं नसतं. शेठनी रघूला गोदामाच्या फाटकावर वॉचमनची ड्युटी दिली. भावाची सोय केली, असं गावात सगळे म्हणाले.

माश्या तशाच राहिल्या.

शेवटी शेठनी मशीनवाल्या कंपनीला फोन केला. त्यांनी मनाली नावाच्या मुलीला पाठवलं. तिने पुठ्ठा ओढून पाहिला. काळा झाला होता.

"काका, हे इथे कोणी लावलं?"

"मीच लावून घेतलं."

तिने शेठना फाटकाबाहेर नेलं. अंधारत आलं होतं. "इथून आत काय दिसतं?"

"मशीन."

"माश्यांना पण तेच दिसतं. बाहेर रस्त्याकडेला नाला आहे ना, त्याच्यावरचं सगळं या उजेडावर आत येतं. आणि दिवसा दारातल्या उन्हापुढे याचा उपयोगच नाही."

शेठनी हळूच विचारलं, "आणि समोरचा तबेला? म्हशी जाऊन बरेच दिवस झाले, पण..."

"तबेल्याच्या थोड्या असतील की. पण तो जाऊन बरेच दिवस झाले म्हणताय. हा पुठ्ठा तर याच महिन्यातला आहे, तरी एवढा भरलाय."

दुसऱ्या दिवशी मशीन आतल्या भिंतीवर गेलं, बाहेरून दिसणार नाही असं. शटरला पट्ट्यांचा पडदा लागला. हळूहळू माश्या कमी झाल्या आणि तपासणी पार पडली. रघूचा तबेला हलवला ते बरंच झालं, असं गाव म्हणू लागलं. शेठ ऐकून घ्यायचे. खरं काय ते मला, त्यांना आणि मनालीला ठाऊक होतं, आणि मनाली काही गावातली नव्हे.

गप्प राहणं त्यांना सोपं होतं. पण ते गोदामाच्या मागच्या दाराने ये-जा करू लागले. घरात आता पिशवीचं दूध यायचं, आणि शेठ कोरा चहा मागायचे. पोट बरं नसतं म्हणायचे. सकाळची फेरी फाटकाच्या अलीकडूनच वळायची.

मग एकदा रघूच ऑफिसात आला. टोपी हातात. मी समोर बसलो होतो.

"दादा, तू बोललास ते खरं निघालं. मी उगाच तुज्यावर तोंड वाकडं करून ऱ्हायलो. मनात ठेवू नको."

शेठनी त्याला खुर्ची पुढे केली. मग म्हणाले, "रघू, माश्या तुज्या नव्हत्या. त्या मशीननं येत व्हत्या. मी नको तिथं लावलं व्हतं."

"कवा कळलं?"

"तपासणीच्या आधी."

रघूने टोपी डोक्यावर घातली. "मैनाला सांग. मी न्हाय सांगायचा. ती रडत व्हती तवा मी तिला बोललो, बाळाराम खोटं बोलायचा न्हाय."

शेठ त्याच पावली गेले. मला सोबत नेलं. माहेराहून परतलेली मैना रिकाम्या तबेल्यात गोवऱ्या रचत होती. नव्या होणार नव्हत्या, जुन्याच नीट लावत होती. तिने सगळं ऐकलं. हात थांबला नाही.

"भाऊजी, ओट्यावर बसून बोललात ना? मग सांगायचं ते पण तिथंच सांगा. माज्या कानात कशाला?"

भावकी पुन्हा बसली. काय बोलायचं ते लिहून देऊ का, असं मी विचारलं होतं. शेठ नको म्हणाले. ते उभे राहिले आणि मशीन कुठे लावलं, का लावलं, कधी कळलं, कळल्यावरही गप्प कसे राहिले, हे सगळं त्यांनी सांगितलं. आवाज बारीक होता, मागच्यांना पुढे सरकावं लागलं. शेवटी म्हणाले, "रघूला म्हशी घेऊन देतो. तबेला हाय तिथंच ऱ्हाईल. कंपनीला काय सांगायचं ते मी बघतो."

सोमाकाका भावकीतले सगळ्यात वडील. ते म्हणाले, "आणि ती गाभण व्हती ती?"

शेठ चौकशी करून आले होते. व्यापाऱ्याने ती पुढे विकली होती. कुठे, ते त्यालाही सांगता येत नव्हतं.

"ती न्हाय मिळाली," ते म्हणाले.

रघू ओट्याच्या कडेला बसला होता. दुसऱ्या म्हशी घेतोस ना, असं सोमाकाकांनी त्याला विचारलं. "ड्युटीची वेळ झाली," एवढं म्हणून उठला. शेठ त्याच्या मागोमाग निघाले, पण बरोबरीने चालले नाहीत.