पुंजाजीने उतरवलेले चार थर

पुंजाजीचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. तोंड धुऊन तो घोंगडीवर मांडी घालून बसायचा. तासभर, डोळे मिटून, श्वासाकडे लक्ष ठेवून. एका शिबिरात तो ध्यान शिकला होता. त्यानंतर ताप असो की घरात लग्न, एक दिवस चुकवला नाही. मी साडेपाचला मारुतीच्या पायरीवर डोकं टेकवायचो. मग त्याच्या मोटरसायकलवर आम्ही कामाला निघायचो.

धामणगाव बढेच्या आसपास दगडी विहीर बांधायची तर पुंजाजीनेच, असं लोक म्हणत. मी तीस वर्षं त्याच्या हाताखाली दगड घडवले. वाटेत आमची चेष्टा चालायची.

“सहदेव, तुहा मारुती तुले उत्तर देते का बे?”

“तुले तुही घोंगडी देते का?”

“नाई देत. पण घंटाभर मी गप राह्यतो, हे का कमी हाय?”

“मंग माह्यं तेच. पायरीवर डोकं ठेवलं का तोंड चालत नाई.”

त्याला एकच गर्व होता. दोरीला वजन बांधलेला ओळंबा तो मधल्या थरांना लावत नसे. डोळ्याने बांधायचा, आणि भिंत सरळ यायची.

आठ वर्षांपूर्वी भगवानरावांच्या विहिरीवर काम होतं. आमच्या हाताखाली नवीनच लागलेली छाया वरून मालाची पाटी सोडायची. एका संध्याकाळी ती काठावरून म्हणाली, “पुंजाजीमामा, तिकडली बाजू पोट काढून राह्यली.”

“काल थापी पाह्यली अन् आज मिस्त्रीन झाली? तुह्या जन्माच्या आंधीपासून बांधून राह्यलो मी.”

“बरं मामा. विहीर काई माह्या घरची नाई.”

ते पोट मलाही दिसलं होतं. मी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी भिंतीमागे मुरूम भरायचा होता. एकदा भरला की चूक आतच राहते.

सकाळी पायरीवर डोकं टेकवलं. रोज काही ना काही मागायचो, त्या दिवशी मागायला तोंडच नव्हतं. उठलो, ओळंबा घेतला, पुंजाजीची वाट न पाहता सायकलने विहिरीवर गेलो. तो आधीच काठावर उभा. हातात ओळंबा.

“तूबी?”

“हाव.”

“मारुतीनं सांगतलं?”

“नाई. डोकं खाली गेलं तवा कळलं, काल मी तुले भेलो.”

तो म्हणाला, “मले आज श्वास सापडेच ना. छायाचं बोलणं आठवे, अन् आतून कोणी म्हणे, तुले कोण शिकवते बे? घंटाभर म्हणू देलं त्याले. मंग थो दमला.”

ओळंबा सोडला. भिंत दोन बोटं आत आली होती.

छाया आली तेव्हा भगवानराव तिथेच होते. त्यांच्यासमोर पुंजाजी म्हणाला, “इनं काल सांगतलं होतं. म्या ऐकलं नाई. चार थर उतरवा लागते.”

“राहू द्या ना मिस्त्री,” भगवानराव म्हणाले. “आत कोण पाहते?”

“मोटर काढाले माणूस उतरन ना? दगड त्याच्या डोक्यावर पडन.”

एकेक दगड सोडवला, खरवडून धुतला, पुन्हा बसवला. आठ दिवस लागले. माझी आणि छायाची मजुरी पुंजाजीने खिशातून दिली, स्वतः एक पैसा घेतला नाही. त्यानंतर प्रत्येक थराला ओळंबा लागला, आणि दोरी छायाच्या हातात असायची. ती ‘थांबा’ म्हणाली की तो थांबायचा.

मी कामाची तारीफ सहज करत नाही. पण ती विहीर मी दरवर्षी पाहून येतो. दगड हललेला नाही.

दुसऱ्यांची पक्की कामं करणारा हा माणूस स्वतः टिनाखाली राहत होता. त्या वर्षी स्लॅब टाकायचा होता, तो या आठ दिवसांच्या खर्चामुळे वर्षभर मागे पडला. त्याच्या बायकोने, जनकावहिनींनी, आणखी एक उन्हाळा टिनाखाली स्वयंपाक केला, कुरकुर केली नाही. पुढच्या चैत्रात, निव्वळ मजुरीच्या पैशावर, त्याच्या दोन खोल्यांवर स्लॅब पडला.