बसलेल्या माणसाला उठण्याची नोटीस

आमच्याकडे माणूस गेला की त्याला पुरलं असं कोणी म्हणत नाही. बसवलं म्हणतात. आम्ही लिंगायत. गेलेल्या माणसाला मांडी घालून, हातात लिंग देऊन खड्ड्यात बसवायचं, वरून भस्म, बेलाची पानं, माती, आणि मग एक चौकोनी दगडी ओटा. आडवं व्हायचं ते जिवंतपणी. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं, म्हणून कोणी कोणाला ते समजावून सांगत बसत नाही, आणि सगळा घोटाळा तिथंच झाला.

गाव पूर्वी ओढ्याकाठी होतं. ओढा आटला, विहिरी आटल्या, तसं गाव उठून डांबरी रस्त्याला आलं. माणसं आली, मारुती आला, पिठाची गिरणी आली. मागं राहिला तो जुना मसणवटा. रस्त्याकडेला नवीन स्मशान मिळालं, त्याला पत्र्याची शेड आणि शेडवर देणगीदाराचं नाव, गेलेल्याच्या नावापेक्षा मोठं. जुन्याकडं मग कोणी फिरकेना. बाभळी माजल्या, ओटे मातीत खचले. जायच्या त्या फक्त माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. दर सोमवारी काठी टेकत जायच्या, कारण माझे सासरे तिथं बसलेले. त्यांच्या डाव्या अंगाला थोडी मोकळी जागा होती आणि ती आपली आहे, हे आत्याबाईंनी आम्हाला बजावून ठेवलेलं. "मला रस्त्याकडंला बसवू नका बरं का. ट्रकांचा लई आवाज असतोय."

मग दुष्काळ पडला. तो आमच्या जिल्ह्यात पाहुण्यासारखा येत नाही, चप्पल काढून थेट स्वयंपाकघरातच येतो. निम्मं गाव ऊसतोडीला गेलं, उरलेल्यांच्या दारात गुरं बरगड्या दाखवत उभी. आमच्या सहकारी संस्थेच्या चेअरमनला मुक्या जनावरांचे हाल बघवेनात, असं ते माईकवरून म्हणाले. संस्था दुधाची होती, पण तिथं दूध कोणी पाहिलेलं नव्हतं. चेअरमननं चारा छावणी मंजूर करून आणली. छावणी म्हणजे गुरांना चारा आणि संस्थेला मलई, एवढं सहकाराचं शिक्षण आमच्याकडं घरोघरी झालेलं आहे. आता छावणीला जागा पाहिजे. चेअरमनची स्वतःची जमीन रस्त्याला लागून मोकळी पडली होती, पण तिथली माती म्हणे गुरांना मानवत नाही. मानवणारी माती नेमकी जुन्या मसणवट्यात निघाली. छावणी उठली की तिथं संस्थेचं खताचं गोदाम उभं राहणार, हे चेअरमन बोलले नाहीत. त्यांच्या ड्रायव्हरनं पानटपरीवर बोलून टाकलं.

आत्याबाईंच्या कानावर ते गेलं आणि त्यांचं अन्न तुटलं. "माजी जागा गेली," एवढंच म्हणत भिंतीला टेकून बसायच्या. मला चेअरमनचा असा संताप आला की समोर असता तर पायातली काढली असती. पण मी पडले जिल्हा परिषदेची शिक्षिका. आमची पायातली पायातच राहते.

जागेवर थडगी आहेत का, हे आधी सरकारनं बघायचं, असं ठरलं. मोजणीदार आला तो रविवारी, आणि त्याच्या मदतीला कोण, तर मास्तरीण. माणसं मोजायची आम्ही, मतदार मोजायचे आम्ही, संडास मोजायचे आम्ही. मेलेले तेवढे राहिले होते. मोजणीदार तरुण, बाहेरच्या जिल्ह्यातला, डोळ्यावर काळा चष्मा. "मॅडम, टेपचं टोक धरा आणि त्या बाभळीपाशी जा," म्हणाला. मी गेले. काट्यात पदर अडकवून उन्हात उभी राहिले. हा आपला लांबच लांब थडगं शोधतोय. माणसाच्या लांबीचं काही त्याला दिसेना. मी ओरडून सांगितलं, "अहो, तुमच्या पायापाशी आहेत त्याच समाध्या." तो म्हणाला, "मॅडम, टेप ताणा." मला वाटलं, कळलं असेल. चांगला शिकलेला दिसतोय.

तेवढ्यात आत्याबाई आल्या आणि सासऱ्यांच्या ओट्यापाशी टेकल्या. त्यांचं आणि मोजणीदाराचं काहीतरी बोलणं चाललेलं मला लांबून दिसत होतं. काय बोलणं झालं ते संध्याकाळी त्यांनीच सांगितलं, मोठ्या आनंदानं. त्यानं विचारलं, आजी, इथं कोण असतं? ह्या म्हणाल्या, आमचे मालक बसलेत की. नाव काय त्यांचं? ह्यांनी लाजत नाव घेतलं. कधीपासून? लई वर्सं झाली. रोज असतात? आता कुठं जात्यात. आणि तुम्ही? मी बी येणार हाय, त्यांच्या शेजारी बसायला. "लई गोड पोरगा गं," आत्याबाई म्हणाल्या. "सरकारातलं कोणतरी पयल्यांदाच मालकांची इचारपूस करून गेलं." त्या रात्री त्या अर्धी भाकरी जेवल्या.

पुढच्या महिन्यात नोटीस आली. माझ्या सासऱ्यांच्या नावानं. सदर जागेवर थडगी आढळून आली नाहीत, चौकोनी ओटे आढळले. त्यांपैकी एका ओट्यावर आपण अनेक वर्षांपासून विनापरवाना बसून आहात, तसेच आपल्या पत्नीचाही तेथे बसण्याचा इरादा असल्याचे दिसून येते. तरी आपण तात्काळ उठावे, अन्यथा आपणास बळाचा वापर करून उठवण्यात येईल. खाली सही, शिक्का. मी मोठ्यानं वाचता वाचता हसत सुटले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. आत्याबाई माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

"बळानं उठवणार म्हंजे?" त्या म्हणाल्या. "उकरणार का गं त्यांना?"

माझं हसू जागच्या जागी विरलं.

सुनावणीला त्या हट्टानं आल्या. एस.टी.त उभ्यानं आल्या, पण आल्या. कचेरीत चेअरमन आधीच खुर्चीत, कडक इस्त्रीत. माझ्या सासऱ्यांना बसवलं तेव्हा हाच माणूस पुढं होऊन माती लोटत होता, फोटोत आहे तो. तहसीलदारसाहेबांनी कागद चाळला आणि विचारलं, "अतिक्रमणदार हजर आहेत का?"

मी उठले. "साहेब, ते येऊ शकत नाहीत."

"आजारी आहेत?"

"नाही, ते..."

"मग कावून नाहीत आले?" चेअरमन मधेच म्हणाले. "साहेब, लई हट्टी माणूस आहे. आम्ही समजावून थकलो."

एवढा निर्ढावलेला माणूस मी आयुष्यात पाहिला नाही. मी बोलायला तोंड उघडलं, तोवर साहेबांनी हातानंच खाली बसा म्हणून खुणावलं. सगळा वर्ग एका आवाजात गप्प करणारी मी, खाली बसले.

साहेब आत्याबाईंकडं वळले. आवाजात मऊपणा होता त्यांच्या. "आजी, दुष्काळाचे दिवस आहेत. जनावरांचा प्रश्न आहे. तुमच्या मालकांना जरा समजावून सांगा. उठा म्हणावं."

"सांगितलं की साहेब," आत्याबाई म्हणाल्या. "ते गेले त्या दिशी सकाळधरनं मी तेच सांगत होते. उठा म्हणलं, गाय वरडायलीय. उठा, च्या थंड व्हायलाय. खांद्याला धरून हलवलं. पाया पडले. माजं न्हाई ऐकलं त्यांनी. तुमचं ऐकत असतील तर चला तुमी, मी येते संगं."

साहेबांनी कागदाकडं बघितलं, मग चेअरमनकडं बघितलं. चेअरमन स्वतःच्या चपला न्याहाळत होते. साहेबांनी माझ्याकडून नोटीस परत मागून घेतली आणि तिच्यावर आडवी रेघ मारली. मग विचारलं, "आणि शेजारची मोकळी जागा, आजी?"

"ती माजी."

त्यांनी तेही लिहिलं. दोन्ही जागांना कोणी हात लावू नये, असं लिहून, शिक्का मारून कागद आत्याबाईंच्या हातात दिला. छावणी शेवटी चेअरमनच्याच जमिनीत लागली. तिथली माती एका रात्रीत गुरांना मानवायला लागली होती.

माहेर असो की आमचं घर, वावराचा एक बांधसुद्धा आत्याबाईंच्या नावावर कधी लागला नव्हता. परतीच्या बसमध्ये त्यांनी तो कागद पदराखाली दोन्ही हातांनी धरला होता. वाचता येत नव्हतं त्यांना. गाव येईपर्यंत मला पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या, "माजं नाव लिवलंय ना गं त्याच्यावर?"