कमी पडलेलं चामडं

तमाम वाचकांस गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, इंदूर शहरातल्या एका बावन्न वर्षांच्या, वरवर सज्जन दिसणाऱ्या गृहस्थाच्या हातून एक अपराध घडलेला आहे. अपराधाचा मुद्देमाल रोज सकाळी भंवरकुआंपासून सांवेर रोडपर्यंत भर रस्त्यातून फिरतो, सिग्नलला थांबतो, लोक त्याचं कौतुक करतात, आणि आजपर्यंत एकाही माणसाने त्याला हटकलेलं नाही. गृहस्थ म्हणजे मी. मुद्देमाल म्हणजे माझ्या मोटरसायकलची सीट.

हसू नका. म्हणजे हसा, पण थोडं थांबून.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही. तशी सांगण्याची हौस मला दांडगी आहे. आमच्या कारखान्याच्या गेटसमोर चहाची टपरी आहे, तिथे मी उभा राहिलो की दहा माणसं थांबतात. पण ही एक गोष्ट मात्र घशाशी आली की मी चहाचा घोट घेतो.

आधी तारेजींबद्दल सांगतो. प्रभाकर तारे, अकोल्याचे. आमच्या कारखान्यात औषधांची खोकी छापतात, तिथे क्वालिटीला होते. मी डिस्पॅचला. शर्टाच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी, आणि खोक्याची कड अर्धा मिलिमीटर जास्त निघाली तर सगळा लॉट परत. राहायचे आमच्याच गल्लीत, चार घरं सोडून. अकरा वर्षं ते माझ्या मागे बसून कामावर आले. अकरा वर्षं डबलसीट! काही लग्नंसुद्धा एवढी टिकत नाहीत.

गाडी ते का चालवत नव्हते हे सगळ्या कारखान्यात फक्त मला ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी, गाडीवर बसायच्या आधी, त्यांनी सांगितलं होतं — तरुणपणी एकदा फिट आली होती, एकदाच, पण डॉक्टरांनी गाडी कायमची बंद केली. कारखान्यात कळलं असतं तर त्यांना मशीनजवळ उभं राहू दिलं नसतं, आणि मशीनजवळ उभं राहणं हेच तर त्यांचं काम. तेव्हा लोकांनी विचारलं की ते म्हणायचे, आमच्या गायकवाडजींशी, म्हणजे माझ्याशी, गप्पा होतात, मग कशाला गाडी? म्हणजे माझी मागची सीट ही त्यांची बसायची जागा होती, आणि लपायचीही. हे मला माहीत होतं. पुढचं वाचताना हे लक्षात ठेवा — मला माहीत होतं.

मग त्यांच्यात खोट काय होती?

खोट एवढीच की तो माणूस खरं बोलायचा. तुम्हाला ही खोट वाटणार नाही, कारण तुम्हाला टपरीवर गोष्टी सांगायच्या नसतात. सिमरोलच्या घाटात एकदा आमच्या गाडीसमोरून बिबट्या गेला. मी ही गोष्ट रंगवायचो — तो थांबला, त्याने मान वळवली, आमची नजरानजर झाली — आणि शेजारून अत्यंत नम्र आवाजात तारेजी म्हणायचे की कुत्रा होता, गळ्यात पट्टा होता. लोक खो खो हसायचे. माझे आजोबा महूच्या पलटणीत सुभेदार होते, असं मी कुणा नव्या माणसाला सांगितलं की तारेजी हळूच सांगायचे, हवालदार. माझेच आजोबा! त्यांना कुणी सांगितलं? मीच, कधीतरी खऱ्याच्या लहरीत.

अकरा वर्षं मी साक्षीदार पाठीवर घेऊन फिरलो. मनात एखादी थाप आली तर ती बसवायची कुठे? मागे तर तेच बसलेले.

तर ती सीट. जुनी सीट फाटली, फोम बाहेर आला, आणि मी जाहीर केलं की सीट आपण घरी बनवणार, अस्सल चामड्याची, हाताने शिवलेली. जुन्या शहरातून म्हशीचं चामडं आणलं, गुळासारख्या रंगाचं. घरात पाऊल टाकलं आणि आई उठून उभी राहिली. वास तिला दारातच आला होता. आम्ही बौद्ध. आमच्या मागच्या पिढ्यांना मेलेली ढोरं ओढायला लावली होती, आणि ते तोडून आजोबा फौजेत गेले. आई ओरडली नाही. एवढंच म्हणाली, “हे हातातून सुटायला तीन पिढ्या गेल्या, आणि तू पैसे मोजून घरात आणतोस?”

मी गुंडाळी घेऊन तसाच बाहेर आलो. गल्लीत उभा. आणि कुणी बोलावलं? तारेजींनी. त्यांच्या घरामागे पत्र्याची पडवी होती. म्हणाले, इथे करू, आमच्याकडे कोण विचारणार आहे.

चार रविवार आम्ही त्या पडवीत बसलो. कागदाचे साचे त्यांनीच काढले, वर्तमानपत्रावर, पट्टी लावून. एकावर लिहिलं ‘पुढची’, दुसऱ्यावर ‘मागची’. मागचीचं माप घेताना ते थोडे लाजले. म्हणाले, मागच्या कडेला बोटभर उंचवटा ठेवला तर चालेल का, ब्रेक लागला की मी सरकतो. अकरा वर्षं सरकत होते, कधी बोलले नव्हते.

चामडं शिवायला दोन सुया लागतात, दोन्हीकडून. आम्ही समोरासमोर बसायचो, मधे चामडं. आरीने भोक पाडायचं, मग मी माझी सुई घालायची, ती त्यांनी पलीकडून ओढायची, आणि त्यांची मी. बोलणं कमी. मला आश्चर्य वाटायचं, की मी एवढा वेळ गप्प बसलोय आणि काही बिघडत नाहीये.

मग हे कधी डोक्यात आलं? मी खूप आठवून पाहिलंय. चौथ्या रविवारी असावं. आदल्या दिवशी टपरीवर एक मोठे व्यापारी आले होते, मी बिबट्या काढला होता, आणि पट्टा आला होता. व्यापारी हसून म्हणाले, गायकवाडजी, आपकी बात में से कितना काटना पड़ता है? सगळे हसले. मीही हसलो. रविवारी सुई ओढताना मी समोरच्या माणसाकडे पाहिलं आणि मला वाटलं — ही सीट एकट्याची असेल तर?

बस. एवढंच. याहून मोठं कारण शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला; सापडलं नाही.

पाचव्या रविवारी तारेजी अकोल्याला गेले, भाचीच्या साखरपुड्याला. किल्ली माझ्याकडे देऊन गेले. मी पुढची सीट बसवायला घेतली. चामडं ओलं केलं, फोमवर ताणलं. मागच्या सीटला पुरून उरेल इतकं चामडं शेजारी पडलेलं होतं, वर ‘मागची’चा साचा. मी त्या चामड्याचे तुकडे केले. भंगारात टाकलं असतं तर गल्लीत कुणी पाहिलं असतं. घरी नेलं असतं तर आई होती. म्हणून मी ते थरावर थर सोल्यूशनने चिकटवलं आणि माझ्याच सीटच्या फोमखाली दडपलं. वरून कड बंद केली. साचा चुरगळून खिशात घातला. म्हणजे त्या माणसाची जागा मी माझ्या बुडाखाली शिवून टाकली — आणि टाके, सांगायला हरकत नाही, फार सुरेख आले होते.

तारेजी परतले तेव्हा मी सांगितलं की चामडं कमी पडलं. कापताना चूक झाली.

त्यांनी सीटभोवती एक चक्कर मारली. मग अंगठ्याने मधोमध दाबून पाहिलं. “थोडी उंच झाली,” ते म्हणाले. मी म्हटलं, फोम नवा आहे. ते म्हणाले, हो, नवा फोम हळूहळू बसतो.

त्या अंगठ्याने मला चार वर्षं झोपू दिलं नाही, असं लिहिलं तर तुम्ही मानाल. पण मी चांगला झोपायचो. जागेपणी मात्र मी त्या अंगठ्याचा विचार करायचो. खोक्याचा अर्धा मिलिमीटर ओळखणारा माणूस, साचे ज्याने काढले, चामडं ज्याने मोजलं — त्याला हिशेब लागला नसेल? मग बोलला का नाही? की खरंच लागला नाही? एखादा माणूस दुसऱ्यावर इतका विश्वास ठेवतो का, की आपल्या पट्टीवरही ठेवत नाही? त्यांनी ओळखलं असतं तर मला परवडलं असतं, हा विश्वास नाही.

त्यानंतर मला सगळ्यांचाच संशय येऊ लागला. सुनंदाने, म्हणजे बायकोने, सीट पाहिली आणि कमरेवर हात ठेवला. तिची स्वतःची स्कूटर आहे, माझ्या मागे ती बसत नाही, तरी म्हणाली, “ह्या वयात एकट्याची सीट? कोणापासून पळताय?” मी हसलो. आईने सीटकडे पाहिलंच नाही. मला वाटायचं, तीच काहीतरी ओळखून आहे.

तारेजी एके दिवशी संध्याकाळी दोन बस बदलून त्या चामड्याच्या दुकानात जाऊन आले. तोच रंग आहे अजून, म्हणाले, सांगून ठेवलंय. मी म्हटलं, बघू, दिवाळीनंतर. दिवाळी झाली. मी म्हटलं, उन्हाळ्यानंतर. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. मी सकाळी दहा मिनिटं लवकर निघू लागलो आणि त्यांचा बसस्टॉप चुकवायला आतल्या गल्लीतून जाऊ लागलो. एक दिवस ती गल्ली खोदलेली होती. स्टॉपवरून जावं लागलं. तारेजी उभे होते, डबा काखेत. मी हॉर्न वाजवला, हात केला. त्यांनीही केला. माझ्यामागे चकचकीत मडगार्ड.

टपरीवर आता मला अडवायला कोणी नव्हतं. तारेजी उशिरा पोचायचे, घामाघूम. बिबट्याची मादी झाली, पुढे तिला पिल्लंही झाली. लोक ऐकायचे आणि घड्याळ बघायचे. माझा समज होता की अकरा वर्षं लोक माझ्या गोष्टीला हसत होते. ते बहुतेक त्या पट्ट्याला हसत होते.

आणि कारखान्यात चौकशा सुरू झाल्या. तारेजी, अब तो सीख लो गाडी. तारेजी, डर लगता है क्या? एकदा मॅनेजरसाहेबांनी मलाच विचारलं, गायकवाडजी, तुम्ही जवळचे, ह्यांना तब्येतीचा काही त्रास आहे का? मी नाही म्हटलं. एवढं एक मी केलं. पण म्हणताना क्षणभर थांबलो, आणि साहेबांनी ते थांबणं पाहिलं. मला गोष्ट सांगताना थांबायची सवय आहे. कुठे थांबलं की माणूस कान टवकारतो हे मला बरोबर कळतं. मग तेव्हा मी का थांबलो? सवयीने? मला माझा संशय आहे.

महिन्याभरात तारेजींना मशीनवरून काढून स्टोअरच्या टेबलावर बसवलं. कारण सांगितलं नाही. तिथे मोजायला काही नव्हतं. पुढच्या वर्षी त्यांनी अकोल्याला नोकरी शोधली.

निरोप कॅन्टीनमध्ये होता. हार, समोसे, माइक. बोलायला मला उभं केलं, दुसरं कोणाला करणार? मी फार छान बोललो. पडवी आणली, दोन सुया आणल्या, काहींचे डोळे ओले केले. तारेजी समोर खुर्चीत, गळ्यात झेंडू, मांडीवर भेटीचं घड्याळ. चार वर्षांत त्यांनी माझी एकही गोष्ट दुरुस्त केली नव्हती. मी जोरात होतो. आणि त्या जोरात, कुणीही न विचारता, मी सांगून गेलो की आमच्या दोस्तीची मागची सीट अपुरी राहिली हो, काय करणार, चामडंच चार बोटं कमी पडलं.

त्यांनी बोलायचं ठरवलेलं नव्हतं. मी त्यांचा चेहरा पाहत होतो; शब्द निघाल्यावर त्यांनी स्वतःच तोंडावर हात ठेवला. लोक हसले. त्यांना वाटलं, तारेजींचं नेहमीचंच. मी माइक धरून उभा राहिलो. चुकीचं माप ऐकून त्या माणसाच्या तोंडून निघून गेलं होतं —

“कमी कुठे? चांगलं पाच फूट उरलं होतं.”