चादरीखालचं टायमिंग

माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, जुन्या मोटारसायकलला मीच हौसेनं इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं आणि घरातली शांतता गेली. ठिणगी वेळेआधी पडत होती, त्यामुळे किक उलटी यायची. तशाच एका किकनं अण्णांचा ऑपरेशन झालेला गुडघा सुजला. सूज उतरते न उतरते तोच त्यांचं टुमणं सुरू झालं: ठिणगीचं टायमिंग लाव, मला गाडीवरच देवगाव रंगारीच्या शेतावर जायचंय. आईनं मला स्वयंपाकघरात गाठलं. गाडी चालू होऊ दे, पण वाटेतला घाट चढायच्या लायकीची ठेवू नकोस, म्हणाली. सत्तरीतला माणूस ट्रकांच्या गर्दीत, या विचारानं माझाही जीव टांगणीला लागला होता. मी मान हलवली.

काम तसं सोपं. इंजिनातल्या फिरत्या चाकावर एक खूण, बाहेर बॉडीवर दुसरी. दर ठिणगीला चमकणाऱ्या टायमिंग लाइटच्या लखलखाटात दोन्ही समोरासमोर दिसल्या की ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या प्लेटचे स्क्रू आवळायचे. पण अंगणात रणरणतं ऊन, त्यात काही दिसेना. संध्याकाळपर्यंत थांबू म्हटलं, तर अण्णा ऐकेनात. शेवटी गाडीवर जुनी चादर टाकली, चाकावरच्या खुणेत अण्णांच्या डबीतला चुना भरला, प्लेट अंदाजानं मागे घेऊन किक मारली आणि आत शिरले. बाहेर खुर्चीवर अण्णा, दारात आई.

चुन्याचा ठिपका दिव्यात थरथरत उभा राहिला. प्लेट किंचित सरकवली आणि तो खुणेवर आला. मी तिथं थांबले नाही, आणखी मागे घेतली. आता ठिणगी उशिरा पडणार, गाडी चालणार पण ओढणार नाही. घामानं स्क्रूड्रायव्हर हातातून निसटत होता. कधी एकदा बाहेर पडते असं झालं होतं. स्क्रू आवळले, बाहेर आले आणि झालं म्हणाले.

अण्णांनी उठून एक्सिलेटर पिळला. इंजिन धापा टाकत वर चढलं. त्यांनी पुन्हा पिळला, मग माझ्याकडे न बघताच विचारलं, "आईनं सांगितलं व्हय?"

मी स्क्रूड्रायव्हर पुसत राहिले.

"अशानं गाडीचं इंजिन जळंल. मला नाय म्हणायचं तर तोंडावर नाय म्हण."

तेवढं मात्र मला म्हणता आलं नाही. स्वतःचाच राग आला. पुन्हा चादरीत शिरले आणि ठिपका खुणेवर आणून ठेवला.

इंजिन बंद करून चादर काढली; या वेळी पहिल्याच किकला गाडी सुरू झाली. अण्णांनी हेल्मेट घातलं आणि निघाले. आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकू आला, मग मोठ्या रस्त्याच्या गोंगाटात मिसळला. मी फाटकाशी येरझाऱ्या घालत राहिले. फोन लावावा, तर चालत्या गाडीवर उचलतील ही धास्ती.

आईनं चादर झटकली, घडी घातली.

"बिघडवायचं तरी नीट शिकायचं व्हतं," ती म्हणाली, आणि माझ्याशेजारी येऊन रस्त्याकडं बघत उभी राहिली.