मागं न बघता केलेली सैर

माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात रोमँटिक फेरफटक्याला माझी बायको हजर नव्हती.

लग्न उन्हाळ्यात झालं आणि हळद उतरायच्या आत मी पुण्याला नोकरीवर परत गेलो. सुनीता नळदुर्गात, आमच्या जुन्या गल्लीतल्या घरी राहिली. 'वर्षभर सून घरात राहू द्या' असं ठरलं होतं म्हणे. कुणी ठरवलं ते मला ठाऊक नव्हतं. पण आमच्या घरात जे ठरतं ते दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी ठरवलेलं असतं, असं धरून चालायची मला सवय. दिवाळीला आलो, ईट गावी, तिच्या माहेरी दिवाळसण झाला, नळदुर्गला परतलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझी पुण्याची गाडी! मला सुनीताला सोबत न्यायचं होतं. तुझ्याशिवाय करमत नाही, चल, एवढंच तिला सांगायचं होतं. पण सांगणार कुठं? स्वयंपाकघरात आई, ओसरीवर दादा, आतल्या खोलीत फराळाचे डबे आणि डब्यांपाशी मुक्कामाला आलेली आत्या!

शेवटी ती मोरीपाशी भांडी घासत असताना मी हात धुण्याच्या निमित्तानं वाकलो आणि कुजबुजलो, "संध्याकाळी किल्ल्याकडं फिरायला जाऊ. दोघंच."

"अगं बाई! लोकं काय म्हणतील?"

"नवराबायको हायत म्हणतील."

तिनं थोडा विचार केला आणि अट घातली. "गल्लीत जोडीनं न्हाय चालायचं. तुमी म्होरं, मी मागं. अन् मागं वळून बघायचं न्हाय हं! तुमी बघितलं की ओट्यावरच्या बाया फिदीफिदी हसत्यात. किल्ल्याचा तट लागला की मग जोडीनं."

(आमच्याकडं नवरा पुढं आणि बायको मागं अशीच चालायची रीत आहे. लांबून बघणाऱ्याला ते भांडण आहे की संसार, हे काही कळत नाही.)

तर निघालो. मी पुढं, खिशात रुमालात गुंडाळलेली शेवंतीची वेणी. ती मागं, पायांत पैंजण. दारादारांत पणत्या लागत होत्या. जुन्या दगडी भिंतींवर उन्हाचा शेवटचा तांबूस पट्टा उरला होता. पोरं तेरखेड्याच्या लवंगी फटाक्यांची माळ सोडवत बसली होती. मागून पैंजण वाजत होते, छुम, छुम, आणि त्या तालावर माझी छाती फुगत होती. या गल्लीत मी लहानाचा मोठा झालो, पण ती इतकी सुंदर आहे हे मला त्या दिवशीच कळलं. अगदी नगरपालिकेची उघडी गटारसुद्धा झुळझुळ वाहतेय असं वाटत होतं!

आता मला तेव्हा माहीत नव्हतं ते तुम्हाला सांगून टाकतो. गल्लीच्या मध्यावर रखमाकाकू ओट्यावर उभ्या होत्या. नवी सून पहिल्या दिवाळीत दारावरून जातेय आणि कुंकू न लावता तिला जाऊ द्यायचं? शक्यच नाही! काकूंनी तिचा दंड धरला आणि आत ओढलं. त्यांचं होईतो शेजारीण आली, "आमच्याकडं बी चल गं!" सुनीता मला हाक मारणार कशी? नवऱ्याला भर गल्लीत हाक मारायची लाज. आणि मी? मी दिलेला शब्द पाळत होतो. मागं बघितलं नाही! देशातले सगळे नवरे इतके शब्दाचे पक्के असते तर काय हवं होतं!

मधे जरा वेळ पैंजण ऐकू येईनासे झाले. थकली असेल म्हणून मी चाल मंद केली. तेवढ्यात बाजूच्या बोळातून पुन्हा आवाज आला. छुम छुम, छुम छुम. जरा जास्तच लगबगीनं. माझ्याजवळ यायची तिला किती ओढ, या विचारानं मी विरघळून गेलो.

घरं संपली आणि तट लागला. डाव्या हाताला काळे बुरूज, खाली बोरी नदीचं पाणी, त्यात आभाळातला केशरी रंग हळूहळू विरत चाललेला. बगळ्यांची एक रांग पाण्यावरून गेली. आता खरं तर वळायचं होतं. पण मला वाटलं, न बघताच वेणी द्यावी, त्यात जास्त मजा आहे! मी तसाच हात मागं केला.

"घे. तुझ्यासाठी आणलीय."

वेणी अलगद घेतली गेली. आणि माझ्या बोटांना चक्क ओठ लागले! ऊबदार, ओलसर ओठ. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. लाजाळू, अबोल सुनीता, आणि एवढं धाडस! आता माझीही भीड चेपली. नदीकडं बघत मी बोलायलाच सुरुवात केली.

"तुज्याबिगर मला पुण्यात करमत न्हाई. डबा उघडतो अन् समोरच्या भिंतीशी बोलत जेवतो. तू चल माज्यासंगं. खोली ल्हान हाय, पर खिडकीतनं गुलमोहर दिसतो."

छुम.

"दादांचं म्हणशील तर त्यास्नी मी बघतो. मी काय भितो व्हय? एकदा आवाज चढवला की गप बसत्यात का न्हाय बघ!"

छुम थांबलं. आणि मागून खोकला आला.

तो खोकला मी पाळण्यात असल्यापासून ओळखतो. मी वळलो. समोर आमची शेळी. दिवाळीची हौस म्हणून आईनं तिच्या गळ्यात घुंगरं बांधली होती. तोंडाच्या कोपऱ्यातून शेवंतीचं शेवटचं फूल डोकावत होतं. आणि दाव्याच्या दुसऱ्या टोकाला दादा!

"आटपलं का बोलणं?" दादांनी शांतपणे विचारलं. "मला वाटलं फोनवर हाईस. आजकाल तुमी पोरं कानात बोंडं घालून एकटीच बडबडत हिंडता. मदी कशाला बोलायचं म्हणून गप हुतो."

"दादा, तुमी... इकडं?"

"शेळी माजावर आलीया. नदीपल्याड बोकडाकडं न्यायलोय."

म्हणजे त्या वाटेवर त्या संध्याकाळी प्रेमासाठी निघालेला मी एकटाच नव्हतो!

"आवाज चढवणार हुतास न्हवं?" दादा म्हणाले. "चढीव की."

मी चढवला. चिमणीच्या पिलाएवढा आवाज निघाला. "सुनीताला... पुण्याला... नेऊ का?"

"ने की! कुनी अडिवलंय?"

"पण वर्षभर राहू द्यायचं ठरलं हुतं न्हवं?"

"ते तूच म्हणलास लग्नात, खोली ल्हान हाय, बघू पुढच्या वर्षी म्हणून! आमी आपलं वाट बघतोय. तुजी आई तर रडकुंडीला आलीया, पोराला बायको आवडली न्हाय का काय म्हणून."

तेवढ्यात सुनीता धावतपळत आली. कपाळभर कुंकू, पदरात नारळ, चकल्या, करंज्या आणि ब्लाउजपीस. सासऱ्यांना बघून तिनं घाईनं डोक्यावर पदर घेतला, तशा दोन करंज्या खाली पडल्या. (शेळीनं त्या तत्परतेनं उचलल्या.) मी तिच्याकडं बघितलं. बोलायला तोंड उघडलं. जे शेळीसमोर घडाघडा बोललो होतो, त्यातला एक शब्द बाहेर येईना!

दादांनी जरा वाट बघितली. मग नदीपल्याड बघितलं. त्यांना उशीर होत होता.

"ह्याच्यानं हुईत न्हाय," ते म्हणाले. "पोरी, मी सांगतो. ह्याला तुज्याबिगर करमत न्हाय. भिंतीशी बोलत जेवतोय. खोली ल्हान हाय, पर गुलमोहर दिसतोय. तू चल म्हणतोय. माजी काय भीती न्हाय त्याला."

सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. सुनीता खाली बघत होती. पैंजणाच्या पायानं मातीत रेघ ओढत म्हणाली, "दादा, त्यास्नी म्हणावं, माझी बॅग कवाच भरून झालीया."

ते ऐकून माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. दादा आणि शेळी घुंगरं वाजवत नदीकडं उतरले. आम्ही दोघं तटाच्या कडेनं जोडीनं चालत राहिलो, पाणी काळंभोर होईपर्यंत, काही न बोलता. बोलायचं सगळं दादांनी बोलून टाकलं होतं.

आता पुण्यात कधी आमचं भांडण झालं आणि मी गुलमोहराच्या खिडकीशी उभा राहून, घसा खाकरून, गोड शब्दांची जुळवाजुळव करायला लागलो, की सुनीता माझ्या हातात मोबाइल ठेवते.

"ऱ्हाऊ द्या. दादांना फोन लावा. ते चांगलं सांगत्यात."